काडेपेटीतला गहू

आमच्या शेजारच्या गच्चीवर थंडी ओसरायला लागली की रोज सकाळी सव्वासातला एक गृहस्थ काडेपेटी उघडतात, तिच्यातून गव्हाचा एक दाणा चिमटीत धरून बाहेर काढतात, तो एका झाडाच्या शेंड्याशी नेतात आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत बसतात. मग मान हलवतात, दाणा पुन्हा काडेपेटीत ठेवतात आणि खाली जाऊन दुकान उघडतात. आष्टीत नव्याने आलेल्या माणसाला शंका येते की म्हाताऱ्याचं डोकं जरा फिरलेलं असावं. आम्हा जुन्या लोकांना शंका येत नाही. आमची खात्री आहे.

हे मन्मथअप्पा. वय बहात्तर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी, बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. मी त्यांची शेजारीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, म्हणून गाव मला बाई म्हणतं आणि अप्पाही बाईच म्हणतात. आमच्या दोन गच्च्यांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. गेल्या वीस वर्षांत माझी अप्पांशी जेवढी भांडणं झाली, तेवढी सगळी त्या भिंतीवर कोपर टेकून झाली. माझ्या नवऱ्याशी एवढी झाली नाहीत. ते एसटीत कंडक्टर आहेत, भांडायला घरी सापडत नाहीत.

ते झाड म्हणजे पाईन. हिमालयात आभाळाला टेकणारं असतं म्हणे, अप्पांच्या गच्चीवर ते दोन वीत उंचीचं आहे. कुंभाराकडून मुद्दाम करून घेतलेल्या मातीच्या परातीत ते पंचवीस वर्षं राहतंय. बोन्साय. गावातले लोक त्याला "अप्पाचं सुरू" म्हणतात आणि अप्पा भडकतात. "सुरू न्हाई, पाईन! सुरू कुनाच्याबी बांधावर उगवतं!"

काडेपेटीत तीन दाणे असतात. एक ज्वारीचा, एक गव्हाचा आणि एक शेंगदाणा. हिवाळा सरताना पाईनच्या शेंड्याला डोळा येतो, उसाला येतो तसाच. तो ज्वारीएवढा असला तर झाड झोपलेलं आहे. शेंगदाण्याएवढा झाला तर झाड उठून कामाला लागलंय, आता त्याला हात लावायचा नाही. मधे, डोळा गव्हाएवढा असताना, मोजके दिवस असे येतात की झाड परातीतून काढावं, मुळं छाटावीत आणि नव्या मातीत बसवावं. हे दर तीन-चार वर्षांनी करावं लागतं, नाहीतर मुळांचं वेटोळं होऊन झाड स्वतःच्याच मुळांनी गुदमरतं.

"एक दिस आदी न्हाई, एक दिस नंतर न्हाई," अप्पा म्हणतात.

हे झाडापुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण अप्पा सगळ्या जगाला काडेपेटीतले दाणे लावतात. एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या भांड्यांची यादी घेऊन दुकानात आले. अप्पांनी यादी बाजूला ठेवली आणि मुलगी काय शिकते ते विचारलं. बारावीला आहे म्हटल्यावर यादीची घडी करून त्यांच्या खिशात घातली. "डोळा ज्वारीएवढाच हाय अजून. दोन-चार वर्सांनी या." गिऱ्हाईक तणतणत समोरच्या दुकानात गेलं. दुसऱ्यांदा एक पुढारी निवडणुकीला पुन्हा उभं राहावं का, हे विचारायला आले होते. तसे ते उत्तर ऐकायला नव्हते आले, हो म्हणवून घ्यायला आले होते. अप्पांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तुमचा शेंगदाणा झालाय, साहेब. आता काय बी हलवू नका."

मलाही त्यांनी सोडलेलं नाही. मार्चमध्ये परीक्षा लागतात म्हणून मी कुरडया माघातच उरकते. त्यावर दर वर्षी भिंतीपलीकडून शेरा येतो, "बाई, वेळ चुकली तुमची. ऊन कच्चं हाय." चूक दाखवायचा हक्क फक्त गणिताच्या बाईला असतो असं माझं मत आहे, त्यामुळे मी ते ऐकून घेत नाही.

पाईन आष्टीत आलं कसं, ते मला अप्पांच्या बायकोनं सांगितलं होतं. गिरिजाकाकू. एकदा नाही, शंभरदा सांगितलं असेल. दोघं केदारनाथाला गेले होते. परतताना रुद्रप्रयागच्या अलीकडे दरड कोसळली आणि गाडी अडकली. दरडीच्या मातीत पाईनची बोटभर दोन रोपं मुळासकट उघडी पडलेली काकूंना दिसली. काकूंच्या हातात गंगाजलाचा लोटा होता, अप्पांच्याच दुकानातला. त्यांनी काय करावं? गौरीकुंडाहून जपून आणलेलं ते तीर्थ रस्त्यावर ओतलं, लोट्यात माती भरली आणि ती दोन रोपं त्यात खोचली. "तीर्थ परत मिळंल," म्हणाल्या, "हे मेलं तर परत मिळंल का?" मग गाडी निघाली, हरिद्वार आलं आणि काकूंची गोष्ट संपली. ती नेहमी हरिद्वारलाच संपायची. पुढं काय झालं, असं मी कधी विचारलं नाही. पुढं आष्टी आली असणार, हे दिसतच होतं.

दोन रोपांतलं एक आता नाही, आणि त्याला कारण अप्पा. दुकानाची नवी वही, नवं गिऱ्हाईक, नवा नोकर, सगळं पाडव्याला धरायचं, तसं त्यांनी पहिलं रोप पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या परातीत बसवलं. पूजा केली, कडुलिंबाची डहाळी लावली. काकू म्हणत होत्या, "अवो, झाडाला पंचांग वाचता येतंय का?" पण अप्पांनी ऐकलं नाही. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त खोटा कसा निघेल? आष्टीत पाडव्याचं ऊन कसं असतं ते आष्टीकरांना माहीत आहे. शेंड्याला कोवळे तुरे फुटलेले, मुळं नुकती तोडलेली. पंधरा दिवसांत झाड काडीसारखं वाळलं.

त्या दिवसापासून अप्पा वेळेच्या मागे लागले ते आजतागायत. कुठूनतरी एक पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, झाड वसंतात बदलावं. "वसंत म्हणजे कवा?" अप्पा मला विचारायचे. "आपल्याकडं तो येतो कवा अन् जातो कवा?" मोबाईल आल्यावर ते एका जपानी म्हाताऱ्याचे व्हिडिओ बघायला लागले. भाषा कळत नाही म्हणून आवाज बंद ठेवतात आणि त्याच्याशी स्वतःच बोलतात. "तुमच्याकडं गारवा हाय आजोबा, तुमचं काय जातंय?" उन्हाळ्यात झाडावर हिरवी जाळी, खाली ओलं पोतं. जाळी फाटली त्या वर्षी हा माणूस झाडावर छत्री धरून स्वतः भर उन्हात उभा होता. मी भिंतीवरून सांगितलं की दोघंही छत्रीत मावतील. तेव्हा म्हणाले, "माझ्या अंगाची धग लागती त्याला, म्हणून लांब उभा हाय."

झाड बदलायचं काम नवरा-बायको मिळून करायचे. मी ते माझ्या गच्चीवरून दोन-तीनदा तरी बघितलंय. परातीवर वाकलेली दोन डोकी, अप्पा गप्प, आणि काकूंचं तोंड अखंड सुरू. बिचाऱ्याला सुखानं काम करू देत नाहीत, असं मला तेव्हा वाटायचं.

चार वर्षांपूर्वी गिरिजाकाकू गेल्या. आठ दिवसांच्या तापानं गेल्या. अप्पांनी तेराव्या दिवशी दुकान उघडलं आणि चौदाव्या दिवशी गच्चीवर आले. त्यानंतर दर माघात काडेपेटी बाहेर निघायची, विटेचा चुरा, मुरूम आणि भरड वाळू वेगवेगळ्या चाळण्यांतून चाळली जायची, चाळण्यांना दुकानात काय तोटा? नवी परात भिजत पडायची, मुळं तोडायला काकूंचा अडकित्ता धार लावून तयार असायचा. आणि ऐनवेळी बेत मोडायचा. पहिल्या वर्षी आभाळ आलं. दुसऱ्या वर्षी डोळा "गव्हाला आला, पण गहू भरला न्हाई". तिसऱ्या वर्षी वाळू खारट निघाली, म्हणजे अप्पांनी ती जिभेवर ठेवून बघितली. मी सगळं खरं मानत गेले. झाडाच्या वेळेबद्दल या माणसाशी वाद घालणं म्हणजे माझ्याशी पाढ्यांवरून वाद घालण्यासारखं होतं.

यंदा मात्र झाडच बोलायला लागलं. परातीत ओतलेलं पाणी वरच साठून राहायचं, आत मुरायचंच नाही. मुळांनी परात एवढी गच्च भरली होती की झाड बोटभर वर उचललं गेलं होतं. सुईसारखी पानं पिवळी पडायला लागली. अप्पांनी मला भिंतीशी बोलावून दाखवलं. "यंदा बदललं न्हाई तर ह्या उन्हाळ्यात जाईल, बाई. पाणी घालून घालून तहानेनं मरंल." हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

त्याच सुमारास त्यांच्या मुलानं पुण्यात घर घेतलं. वास्तुशांत नेमकी त्याच आठवड्यात. अप्पांनी फोनवर सांगून टाकलं, "डोळा गव्हाला आलाय. तो रोज फुगायलाय, तुझं घर काय फुगायलंय का? पुढल्या म्हैन्यात येतो." मुलगा रागावला, सुनेनं फोन घेतला, अप्पा ढिम्म. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्यानं यंदा कंबर कसली.

रविवार उजाडला. मी पहाटेच चीक शिजवून गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घालत बसले होते. पलीकडे अप्पा अंघोळ करून, भस्म लावून हजर. काडेपेटी निघाली, दाणा शेंड्याला लागला. "गहू!" अप्पा मोठ्यांदा म्हणाले. "एक नंबर गहू!" माती, परात, तांब्याची तार, बांबूची काडी, अडकित्ता, सगळं ओळीनं मांडलेलं. ते झाडासमोर मांडी घालून बसले. दोन्ही हात परातीला लावले. आणि तसेच बसून राहिले.

माझ्या दहा कुरडया झाल्या, वीस झाल्या. पलीकडे काही हालचाल नाही. शेवटी अप्पा उठले आणि चाळण्या गोळा करायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"आज न्हाई. वारं सुटलंय. मुळं सुकतेत वाऱ्यानं."

मी कुरडयांखालच्या साडीकडे बघितलं. तिचा पदर भिंतीवरून खाली लोंबत होता. तो इंचभरही हलत नव्हता. माझं एक वाईट आहे, चुकीचं उत्तर ऐकलं की मला बसवत नाही. मी चिकाचे हात तसेच घेऊन भिंतीशी गेले.

"अप्पा, साडीचा पदर हलत नाही. वारं कुठंय?"

अप्पांनी एक चाळणी दुसरीत घातली.

"मागल्या वर्षी वाळू खारट, त्याच्या आधी गहू पोचट. यंदा झाड मरायला टेकलंय, डोळा तुम्हीच बघितलाय, पोराच्या घराला गेला नाहीत. कावून करायलाव असं?"

मी चिडले की माझीही भाषा गावाकडची होते. अप्पांनी चाळणी खाली ठेवली.

"बाई, हे एका माणसाचं काम न्हाई," ते म्हणाले. "एकानं झाड सरळ धरावं लागतं. तवा दुसऱ्याला मुळं मोकळी करता येतेत."

"मग कुणाला तरी बोलवायचं! चार वर्षं झाली!"

"नुसतं धरून भागत न्हाई." ते अडखळले. "ती बोलायची. केदारनाथाचं सांगायची. त्याच्यावरच माझं घड्याळ होतं. मुळं उघडी किती वेळ ठेवायची ते मला तिच्या गोष्टीवरून कळायचं. आष्टीच्या स्टँडावरून यष्टी निघाली की झाड उचलायचं. जाताना हरिद्वारला जुनी माती पडली पायजे. केदारनाथाच्या दारात मुळं छाटून झाली पायजेत. परत येताना दरड आली की नवी माती, अन् हरिद्वारला पाणी. मी मागं पडलो की ती गुप्तकाशीला च्या प्यायला थांबायची." मग खालच्या आवाजात म्हणाले, "कुनाला म्हनावं, माझ्या बायकोची गोष्ट सांगायला या म्हणून?"

एवढी वर्षं मी या माणसाला वेळेचा वेडा म्हणून हसत आले होते, आणि वेळ त्याला कधीच कळत नव्हती. ती काकूंना ठाऊक होती. मला स्वतःचा राग आला आणि राग आला की मी काम काढते. हात धुतले, पदर खोचला आणि ज्या भिंतीवर वीस वर्षं भांडले ती भिंत पहिल्यांदा ओलांडली. चढताना साडी अडकली, गुडघा खरचटला, पण ओलांडली.

"बसा खाली," मी म्हटलं. "गोष्ट मला पाठ आहे."

मी झाड बुंध्याशी दोन्ही हातांनी धरलं आणि आष्टीच्या स्टँडवरून एसटी सोडली. अप्पांनी परात काढून घेतली. मुळांचं वेटोळं परातीच्याच आकाराचं झालं होतं. अप्पा बांबूच्या काडीनं एका बाजूनं एकेक मूळ सोडवायला लागले. मातीत पांढरी जाळी दिसली तशी मी ओरडले, "अप्पा, कीड!"

"कीड न्हाई ती. बुरशी हाय, त्याची सोबत. ही सगळी काढली तर पाईन जगत न्हाई. पुढं चला, हरिद्वार लांब हाय."

मी पुढं चालले. ऋषिकेशला काकूंची चप्पल वाहून गेली, ती मी वाहवली. देवप्रयागला अप्पांनी पंड्याशी घातलेला वाद घातला. तिथून घाईत एकदम गौरीकुंडाला पोचले तर अप्पा दचकले. "थांबा, थांबा! गुप्तकाशी ऱ्हायली! च्या प्यायचाय! माझी दोन मुळं ऱ्हायलीत!" मग गुप्तकाशीला थांबलो. काकू तिथल्या चहात मसाला किती घालतात ते सविस्तर सांगायच्या, तेही सांगितलं. अडकित्ता कटकट वाजत होता. केदारनाथ आलं, मुळं छाटून झाली. उतरताना दरड कोसळली, काकूंनी गंगा ओतली, आणि अप्पांनी नव्या परातीत माती घातली. हरिद्वारला झारीनं पाणी घातलं. पाणी वर साठलं नाही. सरळ आत गेलं आणि परातीच्या भोकांतून खाली आलं. आम्ही दोघंही ते पाणी स्वच्छ होईपर्यंत बघत बसलो. माझे हात भरून आले होते, पण एवढं समाधान मला दहावीच्या निकालानंही कधी दिलं नव्हतं.

"एकाच बाजूची माती बदलली," अप्पा तार आवळत म्हणाले. "पाईनला एका डावात सगळं सोसत न्हाई. दुसरी बाजू दोन वर्सांनी." मग माझ्याकडे न बघता, "तवर तुमची बदली झाली असंल."

"झाली तर एसटीनं येईन. गहू झाला की फोन करा."

अप्पांनी तार दोनदा तपासली. "सोडा आता हात. बसलं झाड."

मी सोडला नाही. "हरिद्वारच्या पुढं काय झालं, अप्पा? काकूंनी कधीच सांगितलं नाही."

अप्पांनी हातांची माती झटकली, पुन्हा झटकली. "पुढं मी बोललोच न्हाई," ते म्हणाले. "हरिद्वारपासून नगरपर्यंत. दीड दिस. गंगा वतली म्हणून रागावलतो. ती लोटा मांडीवर घेऊन बसलेली अन् मी तोंड फिरवून. दोन-तीन डाव म्हणाली, अवो, च्या घेता का? मी न्हाई म्हणायलाबी तोंड उघडलं न्हाई. नगरच्या स्टँडावर उतरलो, ऊन लई. रोपांनी माना टाकल्या. तिनं लोट्यावर पदर धरला. मग मीच नळाचं पाणी आणून वतलं, तवा कुठं बोललो. तिनं हे कुनाला सांगितलं न्हाई, बाई. माझी नाचक्की होईल म्हणून गोष्ट हरिद्वारला संपवायची. एकवीस वर्सं, जाईपर्यंत."

खाली बाजारपेठेत कुणीतरी शटर वर केलं. अप्पांनी झाडाच्या शेंड्यावरचा मातीचा कण बोटानं अलगद काढला.

"एक दिस आदी न्हाई, एक दिस नंतर न्हाई, म्हणत असतो मी. अन् तो दीड दिस घालवला. आता चार वर्सं झाली, सकाळी उठलो की वाटतं, च्या घ्यावा. पर कोण इचारायलंय?"

माझे डोळे भरून आले. मी झाड सोडलं आणि डोळे पुसले, तेव्हा हाताला राळेचा वास होता. पलीकडच्या गच्चीवर माझ्या अर्ध्या कुरडया कावळ्यांनी नेल्या होत्या आणि उरलेल्या वेड्यावाकड्या वाळत होत्या. वेळ चुकली होती, अप्पांचं बरोबर होतं. पण त्यांनी आज ते म्हटलं नाही.

मी भिंतीशी गेले, एक पाय पलीकडे टाकला आणि वळून विचारलं, "अप्पा, चहा घेता का?"

"घेतो," अप्पा म्हणाले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले.